कलीचा डाव

गेल्या अंकात या सदराच्या शेवटी एक गोष्ट अर्ध्यावर सोडली होती. ज्यांच्या हाती तो अंक आला नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात पुन्हा सांगतो.

एक वाटसरू घनदाट अरण्यातून चालला आहे. सूर्य मावळतीला टेकला आहे आणि गाव अजून दोन कोस दूर आहे. वाटेच्या मधोमध बेहड्याचा एक जुनाट वृक्ष उभा आहे आणि त्या वृक्षावर साक्षात कली वस्तीला आहे. तो खाली उतरतो, मोठ्या अदबीने वाटसरूला थांबवतो आणि म्हणतो, "या वाटेने जाणाऱ्याने माझ्याशी एक डाव खेळावा, असा इथला शिरस्ता आहे. ही पाहा बेहड्याची २१ फळे. आपण दोघांनी ती आळीपाळीने उचलायची. एका वेळी एक, दोन किंवा तीन. तीनाहून अधिक नाही आणि एकही न उचलता पाळी सोडायची नाही. ज्याच्यावर शेवटचे फळ उचलण्याची पाळी येईल तो हरला. आपण जिंकलात तर वाट मोकळी. हरलात तर जन्मभर माझे सारथ्य करायचे. आणि हो, आपण पाहुणे. पहिला मान पाहुण्याचा. आरंभ आपणच करावा."

वाटसरूने काय करावे, असा प्रश्न होता. अनेक घरांतून उत्तरे आली. काहींनी चिंचोके मांडून चार-सहा डाव खेळून पाहिले आणि 'हा सारा नशिबाचा खेळ दिसतो' असा निष्कर्ष काढला. काहींनी 'पहिल्यांदा दोन उचलावीत', 'पहिल्यांदा तीन उचलावीत' असे सुचविले. पण का, ते सांगितले नाही. एका आजींनी कळविले की, कलीशी खेळूच नये, आल्या वाटेने परत फिरावे. हे उत्तर गणिताचे नसले तरी शहाणपणाचे आहे. त्याकडे पुढे वळू. तूर्त आपण असे धरून चालू की परतीची वाट बंद आहे आणि डाव खेळणे भाग आहे.

अशा कोड्यात बहुतेक सर्वांची दृष्टी आरंभाकडे लागते. २१ फळांचा ढीग समोर दिसतो आणि त्यातून किती उचलावीत याच विचारात मन गुरफटते. शक्यता इतक्या वाढतात की डोके चालेनासे होते. म्हणून ढिगाकडे पाठ फिरवावी आणि शेवटाकडे पाहावे.

शेवटी एकच फळ उरले आहे आणि पाळी कलीची आहे, एवढे घडले की वाटसरू जिंकला. मग हे केव्हा घडवून आणता येईल? वाटसरूच्या पाळीला समोर दोन, तीन किंवा चार फळे असतील तर. दोन असतील तर एक उचलावे, तीन असतील तर दोन, चार असतील तर तीन. प्रत्येक वेळी मागे एकच उरते. पण समोर पाच फळे असतील तर? एक उचलले तर चार उरतात, दोन उचलली तर तीन, तीन उचलली तर दोन. आणि या तिन्ही संख्या प्रतिपक्षाला हव्या तशाच आहेत. म्हणजे ज्याच्या पाळीला पाच फळे समोर येतील तो सापळ्यात सापडला.

आता आणखी एक पायरी मागे जाऊ. समोर सहा, सात किंवा आठ फळे असतील तर आपण प्रतिपक्षापुढे पाच ठेवू शकतो. नऊ असतील तर मात्र ठेवू शकत नाही. म्हणून नऊ हाही सापळाच. याच रीतीने मागे मागे जात राहिलो तर सापळ्याच्या संख्यांची एक माळ हाती लागते : १, ५, ९, १३, १७ आणि २१.

वाचकहो, शेवटची संख्या पुन्हा एकदा वाचावी. २१! कलीने मांडलेला ढीग हाच मुळी एक सापळा आहे. जो प्रथम उचलेल त्याने एक उचलले तर दुसऱ्याने तीन उचलावीत. दोन उचलली तर दोन. तीन उचलली तर एक. दोघांची मिळून प्रत्येक फेरीत चार फळे जातात आणि पाच फेऱ्यांत वीस फळे संपून एकविसावे पहिल्याच्याच पदरी पडते. म्हणजे पाहुण्याला दिलेला पहिला मान हा मान नव्हता, तो फास होता. वाटसरूचे बरोबर उत्तर असे की, त्याने हात जोडून म्हणावे, "ही जागा आपली. आपल्याआधी हात घालणे मला शोभत नाही. आरंभ आपणच करावा."

आणि कलीने हट्टच धरला तर? मग वाटसरूने नुकतेच झाडावरून गळलेले एक फळ उचलून ढिगात टाकावे आणि म्हणावे, "हेही घेऊ या, वाया कशाला जाऊ द्यायचे?" ढीग २२ चा झाला की पहिला मान खुशाल घ्यावा, एक फळ उचलावे आणि कलीपुढे २१ ठेवावीत. सापळा तोच, फक्त आत उभा राहणारा बदलला.

ही गोष्ट मी रचलेली असली तरी कली आणि बेहडा मी उगीच निवडलेले नाहीत. महाभारताच्या वनपर्वात नलोपाख्यान आहे. द्यूतात सर्वस्व गमावून वनात आलेल्या धर्मराजाला बृहदश्व ऋषींनी ती कथा सांगितली. निषध देशाच्या नल राजाला दमयंतीने वरले, म्हणून कलीला क्रोध आला. बारा वर्षे टपून बसून एका लहानशा प्रमादाच्या निमित्ताने तो नलाच्या शरीरात शिरला. त्याचा सोबती द्वापर फाशांत जाऊन बसला. नल आपला भाऊ पुष्कर याच्याशी द्यूत खेळत राहिला आणि राज्य हरून एका वस्त्रानिशी बाहेर पडला. पुढे कर्कोटक नागाच्या दंशाने त्याचे रूप पालटले आणि बाहुक हे नाव धारण करून तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला.

दमयंती विदर्भाची राजकन्या. तिच्या पित्याची राजधानी कुंडिनपूर. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडिण्यपूर ते हेच, अशी परंपरा आहे. तिने दुसऱ्या स्वयंवराचा निरोप मुद्दाम धाडला आणि ऋतुपर्ण बाहुकाच्या रथातून विदर्भाकडे निघाला. वाटेत बेहड्याचा एक वृक्ष दिसला. ऋतुपर्णाने नुसत्या दृष्टिक्षेपात सांगितले की, या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २०९५ फळे आहेत. नलाचा विश्वास बसेना. स्वयंवराची वेळ टळत असतानाही त्याने रथ थांबविला आणि फळे मोजून पाहिली. संख्या बरोबर निघाली! तेव्हा नलाने आपली अश्वविद्या देऊन त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकून घेतले. ते मर्म हाती येताच कली त्याच्या शरीरातून विष ओकीत बाहेर पडला आणि त्याच बेहड्यात शिरला. इयान हॅकिंग या कॅनडातील तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या कल्पनेचा इतिहास सांगणाऱ्या आपल्या १९७५ सालच्या ग्रंथात या कथेची दखल घेतली आहे.

पण मोजण्याचा आणि फाशांचा संबंध काय? येथेच खरी मौज आहे. प्राचीन काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचा विलाप सांगणारे जे अक्षसूक्त आहे, त्यातही बेहड्याचेच फासे आहेत. जर्मन पंडित हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९०७ साली या खेळाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्या खेळात फळांच्या राशीला चारांनी भागीत. बाकी शून्य उरली तर ते 'कृत', तीन उरली तर 'त्रेता', दोन उरली तर 'द्वापर' आणि एक उरले तर 'कली'. कृत सर्वांत श्रेष्ठ, कली सर्वांत हीन. आपल्या चार युगांना हीच नावे आहेत आणि त्यांची वर्षेही ४, ३, २, १ याच प्रमाणात सांगितली आहेत. अक्षसूक्तातला जुगारी ज्या फाशापायी आपली पत्नी दुरावली म्हणून रडतो, त्याला सूक्तकर्त्याने 'एकपर' असे विशेषण दिले आहे. म्हणजे एकाने अधिक झालेला. चारांचे गट पुरे झाले आणि वर एक उरला, की घर बुडाले!

आता आपली माळ पुन्हा पाहू : १, ५, ९, १३, १७, २१. प्रत्येकीला चारांनी भागले तर बाकी एकच उरते. प्रत्येक संख्या म्हणजे एकेक 'कली' आहे! तेव्हा सगळी युक्ती एका वाक्यात सांगता येते : कलीपुढे नेहमी कलीच ठेवावा. नलोपाख्यानात हा डाव नाही, तो मी जोडलेला आहे. पण बाकी उरलेल्या एकाची धास्ती किती जुनी आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

बेहडा आपल्या घरोघरी त्रिफळा चूर्णात असतोच. आमच्या टिळकवाडीतल्या मुलांना त्याची कन्नड ओळख 'तारेकाई' अशी आहे. बेळगावचा पाऊस आठवडा आठवडा हटत नाही, मैदानात पाऊल घालवत नाही, अशा दिवसांत मी वर्गात हा खेळ लावतो. एकवीस फळे न मिळाल्यास चिंचोके चालतात. एका बाकावर मराठी घरातला मुलगा 'एक, दोन, तीन' मोजत असतो आणि शेजारचा 'ओंदु, एरडु, मूरु' म्हणत असतो. बाकी मात्र दोघांचीही तीच उरते.

एका वर्षी सहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, दोघांनाही युक्ती ठाऊक असली तर?" प्रश्न फार मोलाचा होता. दोघांनाही ठाऊक असेल तर खेळ बसण्यापूर्वीच संपलेला असतो. ढीग किती आणि आरंभ कोणाचा, एवढ्यावरच निकाल लागतो. म्हणजे जाणत्यांचा झगडा फळे उचलण्यात नसतो, नियम ठरविण्यात असतो. तिला हे सांगितले तेव्हा ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग कली आधीच जिंकलेला होता. म्हणूनच तो इतका गोड बोलत होता." इतके चांगले रसग्रहण मला एम. ए. च्या उत्तरपत्रिकेतही क्वचितच आढळले असते.

तिच्या या वाक्यात घरच्या प्रत्येक वडीलधाऱ्याने लक्षात ठेवावे असे काही आहे. काही वर्षांपूर्वी एक माउली शाळेत आली. तिला मुलाचा दाखला हवा होता. नवऱ्याने आकड्याच्या जुगारात आधी पगार, मग दागिने आणि शेवटी राहते घर घालविले होते. माहेरी जाण्याखेरीज तिला गत्यंतर नव्हते. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. त्यात मी 'स्थलांतर' असे लिहिले. दुसरे काय लिहिणार? मुलगा गणितात हुशार होता. बाप आकड्यांनी बुडाला आणि मुलगा आकड्यांत रमत होता, हा विरोधाभास मनातून जात नाही.

बापाचा आणि मुलाचा आकडा एकच नव्हे, हे मुलांना लहानपणीच कळले पाहिजे. एका खेळात द्वापर फाशांत दडून बसलेला असतो. ढीग कोणी मांडला, आरंभ कोणाला दिला, बाकी किती उरणार, हे सारे खेळ मांडणाऱ्याने आधीच पाहून ठेवलेले असते आणि आपल्याला मात्र 'पहिला मान तुमचा' असे सांगितले जाते. दुसऱ्या खेळात सर्व फळे उघड्यावर असतात. दोघांनाही दिसतात, दोघांनाही मोजता येतात. आज हा पहिला खेळ अरण्यात नव्हे, खिशातल्या दूरध्वनीवर येऊन बसला. 'नव्या पाहुण्याला पहिले शंभर रुपये आमच्याकडून' असे त्याचे स्वागत असे. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. कायदा हवाच, पण कायद्याचा पहारा घराबाहेर असतो. मनातला पहारा मोजण्याच्या सवयीने बसतो. ज्या मुलाने एकदा कलीचा डाव चिंचोक्यांनी उलगडून पाहिला आहे, तो पुढे कोणीही 'आरंभ आपणच करावा' म्हटले की आधी ढीग मोजून पाहील. कलीशी खेळूच नये, असे म्हणणाऱ्या आजींचे उत्तर येथे बरोबर ठरते. फक्त ते मुलांना हिशेबाने पटावे, धाकाने नव्हे.

शेवटाकडून आरंभाकडे येण्याची ही रीत आपल्या परंपरेला नवी नाही. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्याचा पहिला भाग 'लीलावती'. त्यात 'व्यस्तविधी' नावाचे प्रकरण आहे. उत्तर दिलेले असते आणि मूळ संख्या शोधायची असते. तेव्हा मागे मागे यावे, गुणाकाराच्या जागी भागाकार करावा, बेरजेच्या जागी वजाबाकी, वर्गाच्या जागी वर्गमूळ. भास्कराचार्यांच्या गावाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यांनी सांगितलेले 'विज्जलविड' म्हणजे कर्नाटकातील विजापूर, असे काही म्हणतात. काही ते चाळीसगावजवळच्या पाटण परिसरात शोधतात. पाटणच्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख आहे. गाव कोणतेही असो. वजाबाकी दोन्हीकडे तीच.

घराघरांत सांगितले जाणारे फुलांचे कोडे याच जातीचे आहे. एक भक्त काही फुले घेऊन निघाला. वाटेत तीन देवळे, प्रत्येक देवळापुढे एक जादूचे तळे. तळ्यात फुले बुडविली की दुप्पट होत. प्रत्येक देवाला त्याने सारखीच फुले वाहिली आणि तिसऱ्या देवळात हात रिकामा झाला. तर निघताना फुले किती? शेवटून पाहावे. तिसऱ्या देवाला वाहिलेली फुले म्हणजे तळ्यात दुप्पट झालेली सर्व फुले. म्हणजे बुडविण्यापूर्वी त्यांच्या निम्मी. आठ वाहिली असे धरले, तर बुडविण्यापूर्वी चार. दुसऱ्या देवळात त्यांत वाहिलेली आठ मिळवून बारा, त्यांची निम्मी सहा. पहिल्या देवळात सहा आणि आठ मिळून चौदा, त्यांची निम्मी सात. भक्त सात फुले घेऊन निघाला आणि प्रत्येक देवाला आठ वाहिली. मुलांना मात्र हे उत्तर सांगू नये. ती अडली तर एवढेच विचारावे : "शेवटी काय झाले?"

नलाच्या कथेचा शेवट सांगावयाचा राहिला. अक्षहृदय शिकलेला नल निषध देशात परतला आणि त्याने पुष्कराला पुन्हा डावावर बोलाविले. एकाच पणात त्याने गेलेले सारे परत मिळविले. आता पुष्कर त्याच्या हाती होता. पण नल म्हणाला की, मला जिंकले ते तू नव्हेस, कलीने. दुसऱ्याचा दोष मी तुझ्या माथी मारणार नाही. त्याने भावाला त्याचा वाटा परत दिला आणि सन्मानाने घरी धाडले. कथेतला माझा सर्वांत आवडता भाग हाच आहे. ज्याला डाव समजला त्याला हरलेल्याचा राग उरत नाही. वर्गातही हेच पाहतो. युक्ती उमगलेला मुलगा चार-दोन डाव जिंकतो आणि मग शेजाऱ्याला हळूच म्हणतो, "अरे, शेवटून बघ."

असो. आता पुढील महिन्यासाठी कोडे.

वाटसरू कलीच्या तावडीतून सुटून गावाच्या वेशीशी पोहोचला. वेशीवर एक यक्ष पहाऱ्याला आहे. तो म्हणतो, "आपण शून्यापासून आरंभ करू. आळीपाळीने प्रत्येकाने मागल्या संख्येत एक ते दहा यांपैकी हवी ती संख्या मिळवून बेरीज मोठ्याने म्हणायची. जो शंभर म्हणेल तो जिंकला." हा खेळ फ्रान्समधील बाशे याने १६१२ साली छापलेल्या आपल्या कोड्यांच्या पुस्तकात दिला आहे, यक्ष तेवढा माझा. आरंभ कोणी करावा आणि पहिली संख्या कोणती म्हणावी?

जिंकून देणाऱ्या संख्यांची माळ सापडली की ती मोठ्याने वाचून पाहावी, आधी मराठीत आणि मग शेजारच्या कन्नड मुलाकडून कन्नडमध्ये. कन्नडमध्ये दहापुढील संख्यांत दशक आधी येते आणि एकक मागून. मराठीत एकक आधी. कन्नडमध्ये ती माळ कानाला जिन्यासारखी चढत जाते. मराठीत एका पायरीचे नाव असे आहे की ते स्वतःच पुढल्या संख्येकडून मागे वळून पाहते. दोन्ही भाषा कानावर पडणाऱ्या आपल्या घरांतील मुलांना ही गंमत इतरांपेक्षा आधी सापडावी, अशी माझी अपेक्षा आहे.